मुरगाव धक्क्यावरून, बोट सुटायच्या आधी

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, पोचलात का घरी? टॅक्सीवाल्याला जायचे-यायचे दोन्हीचे पैसे मी दिलेत, परत मागितले तर देऊ नका. आमची बोट अजून धक्क्यालाच आहे, सहाला सुटणार, आणि एकदा बाहेर पडली की मोबाईलची रेंज गेली, इथलं वायफाय सोन्याच्या भावाने, म्हणून होईल तेवढं आत्ताच टाईप करतोय. फोनच केला असता पण फोन कायम तुम्ही उचलता, आईबद्दल विचारलं की "बरी आहे ती" म्हणता आणि विषय संपतो. राग मानू नका, पण तसंच होतं.

तर ते पुढच्या वर्षीच्या क्रूझचं. बंदरावरच्या सड्यावर जपानी गार्डनच्या कठड्याला टेकून तुम्ही बोट बघितलीत, "अरे ही तर आख्खी बिल्डिंग" म्हणालात आणि दोन मिनिटांत "टाक बुक करून आमचं पण"! मला जाम बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बोटीवर परत आलो तो थेट त्या बुकिंगच्या डेस्कवर गेलो, फॉर्म अर्धा भरला, आणि तसाच घेऊन केबिनमधे आलोय. तुमची सून म्हणते भरून टाक ना एकदाचा. पण थांबलोय.

आधी ऑफर काय आहे ते सांगतो कारण तुम्ही विचारणारच. बोटीवर असतानाच पुढची क्रूझ बुक केली तर डिपॉझिट कमी घेतात, माणशी १०० डॉलर, आणि वर ५० डॉलर पुढच्या वेळी बोटीवर खर्चायला देतात. रोज संध्याकाळी तिथे रांग असते. पोट भरलेलं, वारा मस्त, भांडी दुसरंच कोणीतरी घासतंय, अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. पण फसवाफसवी नाही, मी बारीक अक्षरं सगळी वाचली. एक स्वस्त भाडं असतं त्यात रद्द केलं तर डिपॉझिट बुडतं, दुसरं जरा महाग त्यात परत मिळतं, मी घेतलं तर दुसरंच घेणार. उरलेले पैसे निघायच्या ९० दिवस आधी भरायचे आणि तोवर भाडं उतरलं तर उतरलेल्या भावाने करून मिळतं, मात्र आपण मागायचं, ते आपणहून सांगत नाहीत. २०२० मधे एका कंपनीकडे माझे पैसे अडकले होते आठवतंय ना, क्रूझ बंद पडल्या आणि रोख मागितली तर "पुढच्या क्रूझचं क्रेडिट" हातात ठेवलं, तेव्हापासून मी रिफंडची ओळ सगळ्यात आधी वाचतो. आणि रुपया पडला तर काय, हे टेन्शन घेऊ नका, मी दुबईच्या चलनात, दिरहममधे भरणार आणि दिरहम डॉलरला बांधलेलाच आहे, १९९७ पासून ३.६७२५, हलत नाही.

मनात आहे ती दुबईहून सुटणारी सात रात्रींची. तुम्ही आधी आमच्याकडे पंधरा दिवस राहायचं, मग आपण चौघांनी जायचं, अबुधाबी, दोहा असं करत परत दुबईला. तुमचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा काढावा लागेल कारण बोट देशाबाहेर जाऊन परत येते, ते मी बघतो. डेस्कवरचा माणूस म्हणाला आखात म्हणजे अगदी तळं. उथळ आहे हे खरं, सरासरी जेमतेम ३५ मीटर, पण हिवाळ्यात शमाल नावाचा वारा सुटतो तेव्हा ते तळंबिळं काही राहत नाही, आम्ही दरवर्षी बघतो. हे आईसाठी मुद्दाम लिहितोय. आई, लग्नानंतर तुम्ही भाऊच्या धक्क्यावरून पणजीला आलात तेव्हा तुला बोट लागली होती आणि मालवण येईपर्यंत तू डेकवर सतरंजीवर आडवी पडून होतीस, हे बाबा हसत सांगतात. तू त्यावर कधी हसलेली मला आठवत नाही. आताच्या बोटींना खाली पंख असतात, डुलणं पुष्कळ कमी होतं, त्यात मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन घेतली तर अजून कमी. पण शून्य नाही.

आता खरं कारण. आमच्या केबिनमधल्या बाथरूमला उंबरा आहे, चांगला वीतभर, मी आत्ता हात लावून बघितला. पहिल्या रात्री माझाच अंगठा ठेचला. आत गेलं की पाय फिरवायला जागा नाही, शॉवरचा पडदा ओला होऊन पायाला चिकटतो. बिनउंबऱ्याच्या, रुंद दाराच्या, आत बसून अंघोळ करता येईल अशा केबिन असतात, पण एवढ्या मोठ्या बोटीवर अगदी मोजक्या, आणि त्याच सगळ्यात आधी जातात. आत्ता बुक करण्यात अर्थ असेल तर एवढ्याचसाठी, ते ५० डॉलर वगैरे गेले उडत. पण तसली केबिन मागितली की ते वेगळा फॉर्म देतात. काठी वापरता का, वॉकर का, व्हीलचेअर का, किती पायऱ्या चढता येतात, उभ्याने अंघोळ जमते का. बाबांच्या रकान्यात पटापट लिहिलं. आईच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

कारण आई, आज मी बघितलं. बोरीच्या पुलावर अर्धा तास अडकून उशिरा पोचलो, तर तू बलकांवच्या, म्हणजे पुढच्या व्हरांड्याच्या, दोन पायऱ्या उतरून पुढे आली नाहीस, खांबाला धरून वरच उभी राहिलीस. माशाचं हुमण वाढलंस ते एका हाताने, दुसरा हात टेबलावर. सोलकढी हिला आणायला सांगितलीस, जी तू आजवर कोणाला आणू दिली नाहीस. आणि सड्यावर चल म्हटलं तर "तुम्ही जा, मी भांडी आवरते." भांडी आवरायला बाई येते की गं. गेल्या गणपतीत कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात तू आमच्या पुढे चालत होतीस.

बाबा, तुम्ही "बुक कर" म्हणालात तेव्हा आई तिथे नव्हती. तुमचा एकट्याचा हो मला पुरत नाही. इन्शुरन्सवाले पण आधीचं दुखणं विचारणार, लपवलं तर क्लेम मिळत नाही, तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्याचं काय सांगितलं ते मला कळायलाच हवं. आणि जायचंच नसेल तर तसं सांग आई, आम्ही डिसेंबरात घरी येऊ, मिरामारला बसून भेळ खाऊ, मला त्याचंही काही वाईट वाटणार नाही. बाबांना वाटेल थोडं. ते सांभाळून घेतील.

घाई नाही. आम्ही सिंगापूरला उतरेपर्यंत डेस्क उघडा आहे. उद्या कोचीला रेंज येईल तेव्हा मेसेज बघतो. आई, फक्त एवढं कळव, काठी, वॉकर, की यायचंच नाही. बाबांच्या मोबाईलवरून नको, तुझ्या मोबाईलवरून. टाईप होत नसेल तर आवाजात पाठव.

भोंगा झाला आत्ताच.

तुमचा
बाळू