केडगावच्या त्या आठवड्याबद्दल

जय ख्रिस्त! केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या आश्रमात, आम्हा म्हाताऱ्यांच्या हातून आठवडाभर सेवा घडली, ती तुम्हा सगळ्यांच्या जिवावर. पुणे-दौंड गाडीत बॅगा चढवून देणारी मुलं, सांजभक्तीला मोठ्या अक्षरांचं गीतपुस्तक शोधून आणणाऱ्या ताई, आमच्या यांना भाकरी दुधात कुस्करून देणाऱ्या मावशी. नावं ठाऊक नाहीत, चेहरे लख्ख आठवतात. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल इथल्याच बायकांनी छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवून छापलं. त्या जागी प्रार्थनेला बसायला मिळालं, आणखी काय हवं!

सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात नेणारे ड्रायव्हरदादा, तुमचे खास आभार. यांचा हात थरथरतो म्हणून दुर्बीण टेकायला तुम्ही आपला खांदा दिलात, आणि चिंकारा दिसेपर्यंत हलला नाहीत. देव तुमचं भलं करो.