सही म्हातारी झाली

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दिवसभर नुसते आकडेच ना गं? कंटाळा नाही येत?" समोर ग्राहक उभे होते, म्हणून मी "नाही" एवढंच म्हणून फोन ठेवला. गेली २२ वर्षं तुम्हा दोघांना अशीच तुटक उत्तरं देत आले आहे. आज निवांत बसून लिहिते. बँकेच्या या नोकरीत मी जेवढी हसले, तेवढी दुसरीकडे कुठेच नाही.

पहिल्या वर्षातली एक संध्याकाळ. काउंटर बंद झाले आणि हिशेब काही जुळेना. फरक ५४० चा. टॅली झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, त्यामुळे अख्खी शाखा कामाला लागली. कॅशियरनी बंडलं तिसऱ्यांदा मोजली, एक जण बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरला, एकाने केराची टोपली जमिनीवर उपडी केली. शिपायाने तर कुणी मागितलं नसताना खिसे उलटे करून दाखवले. मी कोपऱ्यात बसून सहज ५, ४ आणि ० ची बेरीज केली. नऊ! अंकांची बेरीज नऊ आली की संख्येला नऊने भाग जातो, हे बाबा, तुम्हीच मला पाढे घोकून घेताना शिकवलंत. मी ते पुटपुटले आणि आमचे हेडक्लार्क ताठ बसले. "आकडे उलटे पडलेत," म्हणाले. शेजारशेजारचे दोन अंक लिहिताना अदलाबदल झाली की फरकाला नऊने हमखास भाग जातो. ५४० ला ९० ने भागलं की येतात ६. म्हणजे शतक आणि दशकाच्या घरात सहाचं अंतर असलेले दोन अंक शोधायचे. व्हाउचरांचा गठ्ठा सोडला आणि दहा मिनिटांत सापडलं. व्हाउचर १,८२० चं, नोंद १,२८० ची. सगळे पिशव्या उचलून निघाले, तेव्हा टोपलीवाले गृहस्थ अजून गुडघ्यांवर बसून कागद चाळत होते. त्यांना सांगायचंच राहिलं होतं!

आई, तुला हे वाचून हसू येईल: एका फॉर्मवर 'नॉमिनीशी नातं' या रकान्यात एकांनी लिहिलं होतं, 'सध्या अबोला'. विचारलं तर नॉमिनी सख्खा भाऊ. फॉर्म बदलायचा का, म्हटलं, तर म्हणाले, "छे, पैसे त्यालाच द्यायचे. बोलणं तेवढं बंद आहे."

तुझ्याच वयाच्या एक काकू एटीएमपाशी उभ्या राहून मला काउंटरवर ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःचा पिन विचारत होत्या, "हाच ना गं?" आणि चारही आकडे खणखणीत! रांगेतल्या माणसांनी चक्क कानांवर हात ठेवले. किती भली माणसं! मी लगेच त्यांच्याकडून पिन बदलून घेतला. "चारच आकडे कुणी ठरवले?" त्यांनी विचारलं. मग मी त्यांना शेफर्ड-बॅरन यांची गोष्ट सांगितली. २७ जून १९६७ ला लंडनमध्ये बसलेलं पैसे देणारं पहिलं यंत्र त्यांचं. त्यांच्या मनात सहा आकडे होते. बायको म्हणाली, माझ्या चारच लक्षात राहतात. ते स्वतःच तसं सांगत. काकूंनी हात जोडले, "देव त्या बाईचं भलं करो."

आता बाबा, हे खास तुमच्यासाठी. मागच्या महिन्यात एक आजोबा चेक घेऊन आले. सही जुळेना. दुसरी घेतली, तिसरी घेतली, प्रत्येक निराळी. मी अवघडून सांगितलं, तर म्हणाले, "पोरी, मी तोच आहे. सही म्हातारी झाली." मी त्यांना जुनं नमुना सहीचं कार्ड दाखवलं. तिशीतली सही, शेवटी झोकदार शेपूट. ते बराच वेळ बघत राहिले, मग जीभ दातांत धरून तिची नक्कल करू लागले. थोड्या वेळाने पेन ठेवून हसत सुटले, "अगं, मी माझीच खोटी सही करतोय!" आम्ही सगळेच हसलो. ओळखपत्र पाहून नवी सही नोंदवली, तेव्हा हात थरथरत होता, तरी शेपूट त्यांनी काढलंच.

त्या दिवसापासून तुमचा हात डोळ्यांपुढे आहे. गेल्या वेळी कुरिअरच्या कागदावर सही करताना तुम्ही मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतंत, मी पाहिलं. रविवारी येते. सोमवारी रजा टाकली आहे, आपण तुमच्या बँकेत जाऊन नवी सही देऊ. घाई करायची नाही, हवा तेवढा वेळ घ्या.

आणि आई, पासबुकाच्या कव्हरमध्ये पिन लिहिलेली ती चिठ्ठी आहे ना, ती मी यायच्या आत फाडून टाक.

तुमची,
लेक