जुना ईमेल आपल्याच कॉम्प्युटरवर शोधता येतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर मोबाईल आणि ॲपबद्दल नेहमी येतं पण ईमेलबद्दल कोणी लिहीत नाही, ऑफिसचं निम्मं काम तर अजून त्याच्यावरच चालतं, म्हणून हे पत्र. मी टॅक्सची कामं करतो. एखादा क्लायंट चार वर्षांपूर्वी मेलवर काय बोलणं झालं होतं ते कधी विचारेल सांगता येत नाही, आणि ब्राउझरमध्ये मेल बघायची सवय असली की नेट गेलं की शोधाशोध पण बंद.

यावर फुकट आणि भक्कम उपाय आहे. मट नावाचा मेल प्रोग्राम मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिला, काळ्या टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या कमांड टाइप करायच्या खिडकीत चालतो, माउस लागत नाही, जुन्या लॅपटॉपवरही पळतो, आणि निओमट हे त्याचंच जास्त सोयी असलेलं रूप. पाठवणाऱ्याचं नाव किंवा विषय मट पटकन शोधतो, पण मजकुरातला शब्द शोधा म्हटलं की एकेक मेल उघडून वाचत बसतो, हजारो मेल असले की आपणही बसून राहायचं. इथं नॉटमच हा मेल शोधणारा वेगळा प्रोग्राम लागतो. कार्ल वर्थ यांनी तो २००९ च्या सुमारास सुरू केला, आत झेपियन नावाची सर्च लायब्ररी आहे, जाड पुस्तकाच्या मागे शब्दसूची असते तशी सगळ्या मेलची सूची आधीच करून ठेवते, त्यामुळे उत्तर लगेच येतं.

जोडणी अशी, एमबीसिंक हा प्रोग्राम सर्व्हरवरचे मेल आपल्या डिस्कवर उतरवतो, मेलडिर पद्धतीनं, म्हणजे एका मेलची एक फाईल, मग 'नॉटमच न्यू' कमांड दिली की नव्या मेलची सूचीत भर पडते. निओमटमध्ये नॉटमचचा सपोर्ट बहुतेक वेळा घालूनच दिलेला असतो, म्हणून 'अमक्याकडून आलेले, २०२१ मधले, ज्यात चलन शब्द आहे' असा प्रश्न एकदा लिहून ठेवला की तो फोल्डरसारखा बाजूला दिसतो, मेल मात्र जागचा हलत नाही. एकच मेल 'जीएसटी' मध्ये पण आणि 'नोटीस' मध्ये पण दिसतो, कॉपी काढावी लागत नाही. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, कारण आमच्या कामात एक मेल एकाच फोल्डरचा कधीच नसतो.

मराठीत मेल लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. इंग्रजी शब्दांची रूपं नॉटमच ओळखतं पण आपल्या विभक्त्या त्याला कळत नाहीत, 'बिल' शोधलं तर 'बिलाची' सापडणार नाही, त्यासाठी शब्दाच्या शेवटी चांदणी द्यायची, बिल*, मग बिलं, बिलाचा, बिलावर सगळं येतं. पीडीएफच्या आतला मजकूर ते वाचत नाही, फाईलचं नाव तेवढं शोधतं, म्हणून अटॅचमेंटला नीट नावं देऊन पाठवायची सवय क्लायंटला पण लावावी. आणि आपण मेलला लावलेले टॅग, म्हणजे ओळखीच्या चिठ्ठ्या, मेलच्या फाईलमध्ये नसतात, नॉटमचच्या डेटाबेसमध्ये असतात, नुसत्या मेलचा बॅकअप घेतला आणि डिस्क गेली तर टॅग गेले, त्यामुळे 'नॉटमच डंप' अधूनमधून चालवून ती फाईल पण बाहेर ठेवायची.

सुरुवातीला सेटिंगच्या फाईल हातानं लिहायला लागतात, एक-दोन संध्याकाळी जातात, आणि याची माहिती बहुतेक सगळी इंग्रजीत आहे. वकिलांची ऑफिसं, सोसायट्यांचे सेक्रेटरी, छोट्या संस्था, यांना याचा फार उपयोग आहे. माझी विनंती आहे की तुमच्या पानावर जाणकाराकडून हे मराठीत पायरीपायरीनं लिहून घ्यावं, लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्यापासून पहिला सर्च देण्यापर्यंत, दोन-तीन भागांत दिलं तरी चालेल, आणि देवनागरी फॉन्ट टर्मिनलमध्ये नीट कसा दिसेल ते त्यात जरूर यावं, कारण जोडाक्षरं तुटून दिसायला लागली की नवा माणूस तिथंच सोडून देतो.

आपला,
एक वाचक, सोलापूर