पाटाच्या कडेकडेनं धोमपर्यंत

डेल्फ्ट, नेदरलँड्स

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम नमस्कार.

रविवारी आईशी फोनवर बोलले तेव्हा कळलं, की चिरंजीव मित्रांबरोबर न सांगता सायकलवर मेणवलीला गेले, दिवेलागणीला परत आले, आणि तेव्हापासून सायकलला कुलूप आहे. वहिनी, तुमचा जीव किती टांगणीला लागला असेल ते मला कळतं. मूल वेळेवर घरी आलं नाही की पोटात कसा गोळा येतो, हे मीही आई म्हणून सोसलं आहे. पण दादा, तू कुलूप लावलंस? फोनवर विषय काढला असता तर दोन वाक्यांत आपलं भांडण जुंपलं असतं, म्हणून सविस्तर लिहिते. आई-बाबांनाही वाचून दाखव.

मे महिन्यातल्या त्या दुपारी आठवतात ना? जेवणं आटोपून आई आणि आजी माजघरात लवंडल्या, की तू मागच्या दाराची कडी वाजू नये म्हणून बोटानं उचलून धरायचास. मी दोघांच्या चपला हातात घेऊन आधी बाहेर. वाईच्या गणपती आळीतून कृष्णेच्या घाटावर उतरलं की पायऱ्यांचा काळा दगड नुसता भाजून काढायचा. ढोल्या गणपतीच्या मागच्या भिंतीआड आपला अड्डा. पुराचं पाणी देवळावर न आदळता दोन्हीकडून फुटून जावं, म्हणून सरदार रास्त्यांनी १७६२ साली देऊळ बांधताना ती भिंत माशाच्या आकाराची केली. आपल्याला मात्र ती हवी असायची सावलीसाठी आणि लपायला. कागदाच्या पुडीत तिखट-मीठ, खिशात दुसऱ्याच्या झाडाच्या कैऱ्या, आणि दात आंबेपर्यंत खाणं. संध्याकाळी पोळी चावता यायची नाही आणि त्यावरून आजीला सगळं कळायचं.

आणि मेणवलीची घंटा! महादेवाच्या देवळाशेजारी घाटावर टांगलेली. तुझ्या खांद्यावर उभी राहून मी ती वाजवायची आणि आवाज विरायच्या आत दोघांनी नाना फडणवीसांच्या वाड्याच्या भिंतीला लागून पळत सुटायचं. घंटेवर कडेवर मूल घेतलेली एक बाई आहे. आपण तिला यशोदा समजून आधी नमस्कार करायचो, मग वाजवायचो. ही मेरी आणि तिचा येशू, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधली ही घंटा इकडे आली, हे बाबांनी एका रात्री अंगणात सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आपण पुन्हा गेलो होतो. त्या दिवशी मी घंटा वाजवलीच नाही. तुझ्या खांद्यावर टाचा उंचावून त्या बाईच्या चेहऱ्यावरून बोट फिरवत राहिले. ती एवढ्या लांबून आली आहे, एवढंच मनात होतं. इतिहासाची गोडी मला तिथे लागली. शाळेतलं पुस्तक त्यानंतरचं.

पण मला आज लिहायचं आहे ते धोमच्या दिवसाबद्दल. वहिनी, तुम्हाला दादानं हे कधी नीट सांगितलं नसेल. त्याच्या डोक्यात आलं, की पाटाचं पाणी धरणातून येतं, तेव्हा पाण्याच्या उलट दिशेनं पाटाच्या कडेकडेनं चालत राहिलं की धोम येणारच; चुकायचा प्रश्नच नाही. मला हे इतकं पटलं, की मी घरून पाण्याची बाटलीसुद्धा घेतली नाही. ऊन डोक्यावर, एका बाजूला उसाचे फड, पलीकडे पांडवगड आणि कुठे बाभळीखाली टेकायला जागा. वाटेत एका पाटकऱ्यानं हटकलं, "कुणाची रं पोरं?" दादानं बिनदिक्कत सांगितलं, की मावशीकडे निघालोय. मावशी आमची पुण्यात.

धोमला पोचलो तेव्हा माझे पाय सोलवटले होते. नरसिंहाच्या देवळात गेलो, आणि तिथे ते कासव! कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्यात भलंमोठं दगडी कासव, आणि त्याच्या पाठीवर आख्खा नंदीमंडप. कुंड भरलं की कासव नंदीला घेऊन पाण्यात निघाल्यासारखं दिसतं. दादा, तू म्हणालास, "बघ, रात्री हे चालतं." मी कितीतरी वर्षं ते खरं मानलं. आजही जगातली मोठी मोठी शिल्पं बघताना मनात पहिलं ते कासव येतं.

ऊन कलल्यावर भूक आणि भीती एकदमच लागली. देवळाजवळच्या एका आजींनी आमची तोंडं बघूनच ओळखलं. ओसरीवर बसवून भाकरी, खर्डा आणि वर कच्चा कांदा दिला. एक अक्षर विचारलं नाही. मग हाताला धरून फाट्यावर नेलं आणि वाईच्या एसटीत बसवलं. तिकिटाचे पैसेही त्यांनीच कनवटीचे काढून दिले. त्यांचं नाव विचारायचं आपल्याला सुचलं नाही. इतक्या वर्षांत ती भाकरी माझ्या मनातून गेलेली नाही.

घरी आईनं दोघांना दारातच एकेक रपाटा दिला, मग पदरानं तोंड पुसून पानावर बसवलं. बाबा सायकलवरून सगळे घाट पालथे घालून आले होते. घामानं सदरा भिजलेला. त्यांनी आपल्याकडे बघितलं आणि विचारलं, "कासव पाहिलंत का?" नंतर बराच वेळ ते मोरीत तोंडावर पाणी मारत होते. बाबा, तुम्ही किती घाबरला होतात ते मला स्वतःला मूल झाल्यावर समजलं. आणि एवढं घाबरूनही तुम्ही आमचं दार बंद केलं नाहीत, याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

इथे डेल्फ्टमध्ये घराबाहेर पडलं की पाणी. गल्लीगल्लीत कालवे, बहुतेकांना कठडासुद्धा नाही. या देशाची जवळजवळ पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. तरी पोरं घरात कोंडलेली नसतात. दहा-अकरा वर्षांची झाली की बहुतेक एकटी सायकलवर शाळेत जातात. त्यासाठी शाळेतूनच खऱ्या रस्त्यावर सायकलची परीक्षा होते. आणि पोहण्याचं पहिलं प्रमाणपत्र कपडे आणि पायात बूट घालून पोहून मिळवायचं. पाण्यात आडव्या लावलेल्या कापडाच्या भोकातून बुडी मारून पलीकडे निघायचं. पोर पाण्यात पडेल ते कपड्यांसकट पडेल, हा त्यांचा विचार मला फार आवडला. वर 'ड्रॉपिंग' नावाचा प्रकार आहे: मुलांच्या टोळीला रात्री रानात नेऊन सोडतात आणि आपली वाट आपण शोधत या म्हणतात. आमच्या लेकीची पाळी आली तेव्हा मी रात्रभर खिडकीत होते. पहाटे ती चिखलानं माखून आली, आणि बोलत काय सुटली! बाबांच्या जागी मी, आणि माझ्या जागी ती.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. कुलूप काढा. त्याला आपला गाव पायाखालून जाऊ दे. आता रस्त्यावर पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्यांची रीघ असते, ते मला मान्य. दादा, चार-दोन रविवार तू त्याच्या पुढे सायकल चालव आणि कुठे थांबायचं, कुठे उतरायचं ते दाखव. नदीचं मात्र मला खरं भय वाटतं. वर धरण आहे. पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या बघता बघता बुडतात, आणि पोरांना ते कुणी सांगत नाही. तू पाठीला डबा बांधून पोहायला शिकलास, मी सुका भोपळा. त्याला अजून पोहता येत नाही असं आई म्हणाली. ही सुट्टी पोहणं शिकण्याचीच. आपल्याला ज्यांनी शिकवलं त्यांचा मुलगा हल्ली सकाळी घाटावर पोरांना शिकवतो म्हणे. उद्याच त्याला गाठ, फी विचार, आणि काठावर तू स्वतः उभा राहा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येतोय. लेकीला कासव बघायचं आहे, तेही पाटाच्या कडेनं चालत जाऊन. वहिनी, तुम्हीही चला. पाणी मी घेईन, भाकऱ्या तुम्ही.

आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, चिरंजीवांस अनेक आशीर्वाद.

तुझी,
धाकटी