आबा, धक्क्यावरच्या त्या पायऱ्यांसाठी

आबा,

तुमचा नातू हे वाचून दाखवेल, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

अकरावीत साईनचे आलेख आले आणि मी अडकले. व्याख्या पाठ होत्या, पण आयाम, म्हणजे मध्यापासूनची उंची, वाढला की आवर्तनकाळ, म्हणजे एका फेरीचा वेळही वाढणार, असंच डोक्यात बसलेलं. मालवणच्या धक्क्यावर वही घेऊन रडकुंडीला आले होते, तेव्हा तुम्ही हातातलं जाळं बाजूला ठेवलंत. म्हणालात, "पायऱ्यो मोज गो चेडवा."

अमावास्येच्या उधाणाला पाणी दुसऱ्या पायरीपासून चौदावीपर्यंत चढलं. मध्य आठवी, तिच्या वर सहा, खाली सहा. म्हणजे आयाम सहा. पुढे अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी पाचवी ते अकरावी एवढंच फिरलं. आयाम तीन, मध्य मात्र आठवीच. आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंतचा वेळ दोन्ही खेपेला साधारण साडेबारा तास! पाणी निम्मंच हललं, तरी वेळ तेवढाच. त्या दिवशी माझी गाठ सुटली.

आठव्या पायरीवर मला मुद्दाम बसवलंत. वरच्या पायऱ्यांवर रेंगाळणारं पाणी तिथे असं झपाट्याने चढलं की बघता बघता चप्पल भिजली. साईन मध्यावरूनच सुरू होतो आणि तिथेच त्याचा चढ सगळ्यात उभा असतो, हे मला पायांना कळलं.

सरक, म्हणजे आलेख आडवा किती सरकतो ते, तर तुम्हाला भरतीच्या वेळांमुळे तोंडपाठ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, थोडं मागेपुढे. रोज भरती पाऊण तासाच्या वर पुढे जाते, तीच ही सरक. ती तुम्ही थेट घड्याळात सांगता. मी मात्र ३ साईन (२क्ष − ६) + ८ मध्ये सरक सहा लिहीत होते. आधी २ बाहेर काढायचा, २(क्ष − ३), मग सरक उजवीकडे तीन. आवर्तनकाळ २π भागिले २, म्हणजे π. आणि ती ३ नि ८ म्हणजे भांगाच्या दिवशीचा आपला आयाम आणि आपली आठवी पायरी!

दोन संध्याकाळी तुमचं जाळं अर्धवट राहिलं, त्याबद्दल एकदाही बोलला नाहीत. मनापासून आभार, आबा.

पौर्णिमेच्या उधाणाला वर्गातल्या दोघींना घेऊन येतेय. आठवी पायरी राखून ठेवा.

तुमची,
वहीवाली चेडू