आर्क्टिकला निघालेल्या मधुराला

नागपूर,
१० मार्च

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

मोहिमेची माहितीपत्रिका वाचली. जुलैत लाँगइयरब्येनला शिडाच्या नौकेवर चढायचं, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या पश्चिम किनाऱ्याने वर सरकायचं, वाटेत शास्त्रज्ञांसाठी समुद्राच्या पाण्याची मोजमापं आणि नमुने घ्यायचे आणि नौकेच्या खर्चातला आपला वाटा भरायचा. माझी हरकत नाही. फक्त पैसे भरण्याआधी आयोजकांकडून लेखी उत्तरं घे. गोळा केलेली मोजमापं कोणत्या शास्त्रज्ञाकडे जातात? मोजायची पद्धत लिहून ठेवलेली आहे, की ऐन वेळी डेकवर ठरते? राखीव क्षेत्रात नमुने घ्यायला स्वालबार्डच्या गव्हर्नरची परवानगी काढली आहे का? शोध आणि बचावाचा विमा कोण काढणार? पहिल्याच प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं, तर ती सहल आहे आणि नमुने घ्यायचं जाळं फोटोपुरतं आहे असं समज. सहलीलाही जावं, पण मग भाव सहलीचा करावा.

व्हिसाचं आत्ताच बघ. स्वालबार्डचा स्वतःचा व्हिसा नसतो, पण तू जाणार ऑस्लोवरून, आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. म्हणजे परतीला ऑस्लोत उतरलीस की तो दुसरा प्रवेश धरला जातो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिथेच अडकशील. अर्जात मल्टिपल एंट्रीच माग. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण उन्हाळ्याच्या गर्दीत त्यावर विसंबू नकोस. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबई गाठावी लागेल, तेव्हा विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट अपॉइंटमेंट मिळाल्यावरच काढ.

कपड्यांची खरेदी नागपुरात करू नकोस. हिवाळ्यात इथे तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, पण तो माल बहुतेक अ‍ॅक्रिलिकचा, डिसेंबरच्या सकाळी स्कूटरवर घालण्यापुरता. लाँगइयरब्येनला जुलैत सरासरी तापमान सहा-सात अंश असतं. आकडा वाचून घाबरायला होत नाही, पण वाऱ्यात चार तास एका जागी उभं राहिलं की त्याचा अर्थ कळतो. अंगालगत मेरिनो लोकरीचे दोन जोड, त्यावर जाड लोकरी स्वेटर, सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. हा वरचा पोशाख पुष्कळ नौकांवर मिळतो, विचारून घे, उगाच पैसे घालू नकोस. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स घरीच ठेव; सुती कापड एकदा भिजलं की नौकेवर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. हातमोजे तीन जोड: आत घालायचे पातळ लोकरी, दोर ओढायला जाड, आणि पाण्यात हात घालायला कोळी वापरतात तसे रबरी. रबरी बूट एक नंबर मोठे घे. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्त पुरेसं फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात.

बोट लागणार, हे धरूनच चाल. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, ती पोटात टिकतच नाही. एव्होमाइन किंवा सिनॅरिझिन यांतलं तुला काय चालेल ते डॉक्टरांना विचार आणि घरीच एकदा घेऊन बघ, कारण दोन्हींनी झोप येते, आणि सुकाणूवर पेंगणारं माणूस कोणालाच नको असतं. मळमळत असेल तेव्हा खाली केबिनमध्ये मान घालून काम करू नकोस. डेकवर ये, क्षितिजाकडे बघ, आलेपाक चघळ. पाणी गाळण्याचं काम याचसाठी फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, नांगर टाकल्यावर करतात.

नौकेवर तू आधी खलाशी आहेस, संशोधन त्यानंतर. बहुधा चार तास पाळी आणि आठ तास मोकळे, अशी वाटणी असेल. पण जुलैत तिकडे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे झोपेचं भान सुटतं. डोळ्यांवर बांधायची पट्टी ने आणि पाळी संपली की सरळ झोप. डॉल्फिन दिसला म्हणून जागत बसलीस तर पुढच्या पाळीला चुका होतात. बोलाइन आणि क्लोव्ह हिच या दोन गाठी हातमोजे घालून, डोळे मिटून बांधता आल्या पाहिजेत. पडद्याच्या दोरीवर रोज दहा मिनिटं सराव कर.

लाइफजॅकेटचा मांडीखालून जाणारा पट्टा लोक कंटाळा करून सोडून देतात. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्याखाली जातं ते त्यामुळेच. थंड पाण्याचा हिशेब एक-दहा-एक असा लक्षात ठेव: पहिलं एक मिनिट श्वास आटोक्यात आणण्याचं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. पुष्कळदा जीव जातो तो पहिल्या मिनिटातच, धाप लागून पाणी आत गेल्याने. म्हणून कॉकपिटमधून (सुकाणूजवळच्या बसायच्या खोलगट जागेतून) बाहेर पाऊल टाकण्याआधी हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षापट्ट्यांचा, हूक डेकवरच्या पट्ट्याला अडकव, समुद्र कितीही शांत दिसो. ऑटोमॅटिक लाइफजॅकेट इथून नेऊ नकोस. त्यातल्या गॅसच्या नळकांडीवरून विमानतळावर वाद होतो.

आता ज्यासाठी जातेस ते. यंत्र कितीही महागाचं असो, नोंद चुकली की मोजमाप पाण्यात. तुझ्यासारखे हौशी लोक नमुने छान घेतात आणि मार खातात तो वहीत.

पहिली गडबड वेळेची. नॉर्वेची उन्हाळ्यातली घड्याळं यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या दोन तास पुढे, तुझा फोन कदाचित भारतीय वेळेवर, म्हणजे साडेपाच तास पुढे. वहीत फक्त यूटीसी लिही आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर तसं नमूद कर.

दुसरी गडबड जागेची, आणि ती जास्त महाग पडते. जीपीएसवर ७८ अंश ३० मिनिटं दिसतात आणि घाईत माणूस ७८.३० लिहितो. खरं तर ते ७८.५०. फरक ०.२० अंशाचा, म्हणजे १२ सागरी मैल, सुमारे २२ किलोमीटर! फ्योर्डच्या तोंडाशी घेतलेला नमुना नकाशावर डोंगरात जाऊन बसतो. अक्षांश आणि रेखांशांची अदलाबदल आणखी मजेशीर. भारताचं हिमाद्री हे आर्क्टिक संशोधन केंद्र जिथे २००८ पासून आहे ते नी-ओलेसुंड ७८.९२ उत्तर, ११.९३ पूर्व असं आहे. आकडे उलटे टाकलेस तर ते पाणी तमिळनाडूत, पुदुच्चेरीच्या पश्चिमेला, भर जमिनीवर सापडेल. म्हणून उ. आणि पू. ही अक्षरं दर नोंदीला लिही, आणि अंश-मिनिटं की दशांश, एकच पद्धत शेवटपर्यंत ठेव.

बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही. पाण्यात न विरघळणारा कागद आणि २बी पेन्सिली ने. चूक झाली तर खोडरबर वापरू नकोस. एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिही, म्हणजे मागाहून वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात. खूण बाटलीवर कर, झाकणावर नको. झाकणं बदलतात.

पाणी किती पारदर्शक आहे ते मोजणारी सेकीची तबकडी दिसायला अगदी साधी: ३० सेंमीची पांढरी चकती, खाली वजन, वर मोजपट्टी. दहा ते दोनच्या दरम्यान, नौकेच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून सोडायची. दिसेनाशी होते ती खोली, वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, आणि दोन्हींची सरासरी. दोर तिरका जात असेल तर मोजमाप सोडून दे किंवा कोन लिही: ५० मीटर दोर ३० अंशांनी तिरका गेला तर खरी खोली ४३ मीटरच असते. मोकळ्या समुद्रात ही चकती पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अंदाज देते. हिमनदीच्या तोंडाशी मात्र ती एका मीटरच्या आत गडप होते, कारण तिथे पाण्यात दगडाचं पीठ कालवलेलं असतं. दोन्ही आकडे एकाच रकान्यात बसतात आणि त्यांचा अर्थ वेगळा असतो, म्हणून शेजारी पाण्याचा रंग लिहायचा. इथे फुटाळा तलावावर सराव करायचा असेल तर काठावरून करू नकोस, काही कळणार नाही.

सीटीडी हे यंत्र पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब मोजतं. वाहकतेवरून क्षारता निघते, दाबावरून खोली. सोडल्यासोडल्या खाली जाऊ देऊ नकोस. पृष्ठभागाखाली मिनिटभर तसंच ठेव. वाहकता मोजणाऱ्या काचेच्या नळीत, म्हणजे सेलमध्ये, हवेचा बुडबुडा अडकला असेल तर क्षारता खोटी कमी दिसते, आणि फ्योर्डमध्ये वरचं पाणी वितळलेल्या बर्फामुळे खरोखरच गोडसर असतं, त्यामुळे ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. मग सेकंदाला अर्धा ते एक मीटर या वेगाने सोड. खाली जातानाचं मोजमाप ग्राह्य धरतात, कारण वर येताना यंत्रानेच पाणी ढवळलेलं असतं. काम झालं की गोड्या पाण्याने धू, पाणी पूर्ण निथळू दे आणि आत ने. गोडं पाणी सेलमध्ये राहिलं आणि रात्री पारा शून्याखाली गेला, तर काच तडकते. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांपर्यंत तग धरतं, गोडं नाही.

हलकं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, त्याचा नौकेलाही फटका बसतो. १८९३ मध्ये नान्सेन या नॉर्वेच्या ध्रुवीय संशोधकाच्या फ्राम जहाजाची चाल सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ अचानक मंदावली होती. दोन थरांच्या सीमेवर लाटा उठवण्यात जहाजाची ताकद खर्च होत होती. सीटीडीचा आलेख वरच्या काही मीटरांत झपकन वळलेला दिसला की आठव.

प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं, जाळं बहुधा डब्ल्यूपी-२ असेल: तोंड ५७ सेंमीचं, म्हणजे पाव चौरस मीटर, आणि वीण २०० मायक्रॉनची. ५० मीटरवरून सरळ वर ओढलं तर साडेबारा घनमीटर पाणी गाळलं जातं. ओढण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, आणि मध्ये थांबायचं नाही. थांबलीस की प्राणी बाहेर पोहून जातात. वर आल्यावर जाळं बाहेरून धुवायचं, आतून नाही. आतून पाणी मारलं तर गाळलेल्यात नवं पाणी मिसळतं. त्यात कॅलॅनस नावाचे दोन-चार मिलिमीटरचे, कोळंबीच्या नात्यातले प्राणी दिसतील. अटलांटिकमधलं कॅलॅनस फिनमार्किकस लहान आणि कमी चरबीचं. आर्क्टिकचं ग्लेशियालिस मोठं आणि चरबीने भरलेलं, लिटल ऑक पक्ष्यांची पिल्लं त्यावर वाढतात. कोमट अटलांटिक पाणी वर सरकतंय तसं कोणतं किती सापडतं हा खरा प्रश्न आहे. पण दोघांची लांबी एकमेकांत मिसळते, त्यामुळे डेकवर बघून जातीचं नाव लिहू नकोस. जे ओळखलं नाही ते ‘कॅलॅनस’ एवढंच लिही.

सूक्ष्म प्लास्टिकसाठी मँटा जाळं पृष्ठभागावरून ओढतात, वीण साधारण ३३० मायक्रॉन. दोन नॉट वेगाने अर्धा तास ओढलं तर एक सागरी मैल, १,८५२ मीटर होतात. तोंड ६० सेंमी रुंद असेल तर सुमारे १,१०० चौरस मीटर पाणी चाळलं गेलं. जाळं नौकेच्या मागच्या फेसात ओढायचं नाही, बाजूला दांड्यावर. आणि फ्लीसचं (प्लास्टिकच्या धाग्यांचं) जॅकेट घालून नमुना हाताळायचा नाही, कारण त्याचे धागे गळतात आणि समुद्रात सापडले म्हणून मोजले जातात. मी वर लोकरी स्वेटर सांगितला तो यासाठीही. प्रत्येक वेळी एक बाटली स्वच्छ पाण्याची शेजारी उघडी ठेवायची आणि तीही तपासायची, म्हणजे डेकवरून किती धागे आले ते वजा करता येतं. त्या दिवशी कोणी कोणत्या रंगाचे कपडे घातले होते, तेही वहीत.

दिवसाला सहा ठिकाणी घाईने मोजण्यापेक्षा दोन ठिकाणी नीट मोज. हिमनदी सुंदर दिसली म्हणून नवं स्टेशन (मोजायची जागा) सुचवणारे लोक प्रत्येक नौकेवर असतात. गेल्या वर्षीच्या जागी पुन्हा मोजलेल्या आकड्याला जास्त किंमत असते.

किनाऱ्यावर उतरशील तेव्हा बंदूक वाटाड्याकडे असेल. त्याला सोडून लघवीलाही दूर जायचं नाही. २०२५ पासून पांढऱ्या अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं असा नियम आहे, मार्च ते जूनमध्ये ५००. किनाऱ्यावरचा कचरा मोजताना १०० मीटरचा पट्टा आखतात आणि त्यातली प्रत्येक वस्तू उचलून मोजतात, आवडेल ती नाही. लाकडाचे ओंडके सैबेरियाच्या नद्यांतून वाहत आलेले असतात, तो कचरा नाही. १९४६ च्या आधीची माणसाची कोणतीही खूण, गंजलेला खिळा का असेना, तिथे कायद्याने संरक्षित आहे. आठवण म्हणून खिशात टाकू नकोस.

नमुने बॅगेत घालून घरी आणायचे नाहीत. अल्कोहोल आणि फॉर्मॅलिन विमानात चालत नाही; ते पाठवणं आयोजकांचं काम. वहीच्या पानांचे फोटो मात्र रोज रात्री काढ आणि दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरही ठेव.

आयोजकांची उत्तरं आली की मला पाठव, पैसे त्यानंतरच भर.

तुझी,
आई

ता. क. तुझी आजी आत्तापासून संत्रा बर्फीसाठी खवा आणायच्या गोष्टी करून राहिली आहे. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेऊ देत नाहीत, तेव्हा तिला तूच फोन करून सांग. शेंगदाण्याची चिक्की चालेल, किलोभर कर म्हणावं.