ट्रॅक्टरच्या शेडबद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

शेड घराच्या मागच्या भिंतीला टेकवलं की एक भिंत वाचते, हा तुझा हिशोब समजला. पण ती भिंत वाचवू नको. जुनं घर जमिनीत बसायचं तेवढं बसलं, नवं बांधकाम आता बसायला लागणार. विटा एकमेकींत गुंतवल्या की सांध्यावर उभी भेग पडणार. शिवाय जुन्या पायव्याला लागून खोल खड्डा घेतला तर घराखालची माती मोकळी होते. म्हणून कॉलमची पहिली ओळ घरापासून ४ फूट सोडून घे. टिन पुढे आणता येईल; भिंतीपासून १ इंच फट ठेवून वरून वाकवलेली पत्र्याची पट्टी लाव. पट्टीची एकच कड भिंतीत बसव, दुसरी मोकळी राहू दे. उतार मात्र घराकडे अजिबात नको.

आता मातीचं. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते, अन् दरवर्षी पायवा वरखाली करते. आधी दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन घट्ट मुरूम किती खाली लागतो ते बघ. १२ बाय २० फुटांच्या शेडला ६ कॉलम पुरतील. प्रत्येक खड्डा मुरमात निदान १ फूट उतरलाच पाहिजे, मग मिस्तरी काहीही म्हणो. प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची काँक्रीटची आडवी तुळई, मातीवर टेकवू नको, खाली ३ इंच पोकळी ठेव. नाही तर फुगणारी माती बीम वर उचलते. आतून फरशीचे तुकडे उभे लाव, म्हणजे भरावाचा मुरूम पोकळीत शिरत नाही.

निघालेली काळी माती परत आत भरायचा मोह होईल, कारण ती फुकट असते. ती वावरात टाक. फरशीखाली २ फूट मुरूम, तोही ६-६ इंचांच्या थरात, पाणी मारून धुम्मसाने कुटलेला. मुरूम घेताना मूठभर भिजवून वाळव. वाळल्यावर तडकला तर त्यात चिकणमाती आहे, ती ट्रॉली परत कर.

काँक्रीट १ : १.५ : ३, म्हणजे सिमेंट, रेती, गिट्टी. सिमेंटच्या एका पोत्याला २५-२७ लिटर पाणी, त्यात रेतीतली ओलही धर. माल पातळ झाला की थापायला सोपा जातो, म्हणून मजूर पाणी वाढवतात. तिथे उभा राहा. संक्रांतीनंतर लगेच काम काढ. मे महिन्यात काँक्रीटला पाणी मारायलाच पाणी नसतं, अन् त्या उन्हात ओलं पोतं टाकून १४ दिवस तरी ते ओलं ठेवावं लागतं.

टिनावर दगड ठेवायची आपल्याकडची पद्धत बंद कर. वादळ टिन खालून उचलतं, दगड काय धरणार? कॉलम भरतानाच १२ मिमीचे बोल्ट आत सोड अन् छताचे पाईप त्यांना आवळ. स्क्रू टिनाच्या उंचवट्यावर मार, रबरी वायसरसकट. खोलगटात मारला तर तिथूनच गळतं. आडव्या सांध्यावर ६ इंच टिन चढव. कडेच्या ओळीत स्क्रू दाट लाव.

दार १० फूट उंच ठेव, उभ्या सायलेन्सरला लागतं. तोंड पूर्वेला कर, पावसाची झड पश्चिमेकडून येते.

आणि कापूस त्याच शेडात नको. तापलेला सायलेन्सर, डिझेल अन् मोकळा कापूस एका छताखाली ठेवायचा नाही. कोठी वेगळी काढ, कापसावरून वायर नेऊ नको. सोयाबीन-तुरीची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट. कोठीच्या फरशीखाली जाड प्लास्टिक टाक, नाही तर खालची ओल थेट पोत्यात येते.

शेडला बाहेरून ३ फूट रुंद फरशी, २ इंच उतार बाहेर. न्हाणीचं पाणी शेडच्या कोपऱ्याकडे जातं, ती नाली आधी वळव; त्याच पाण्यानं कॉलमखालची माती एका बाजूनं फुगेल.

ग्रामपंचायतीची परवानगी खड्डे घेण्याआधी काढ. खड्डे झाले की मुरूम किती फुटांवर लागला ते कळव, मग लोखंडाचा हिशोब करू.

तुझे बाबा